धूळपाटी, चिंचोके आणि पायली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कर्जतच्या पेठेत वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, त्याखाली श्री लिहिला जातो, लाह्या-बत्तासे वाटले जातात. हल्ली सारा हिशेब संगणकावर ठेवणारा दुकानदारही त्या दिवसापुरती लाल बांधणीची एक वही विकत आणतो. पूजा करायची ती वहीची. यंत्राला कुंकू लावले तरी ते काही शोभत नाही.

त्याच सुमारास पेठेपासून तीन-चार कोसांवर, डोंगराच्या कुशीतल्या कातकरवाड्यांत निराळीच लगबग चाललेली असते. भातकापणी आटोपत आलेली असते आणि पावसाळ्यात वीटभट्टीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल आता अंगमेहनतीने फेडायची असते. भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे यांच्यासकट माणसे टेम्पोत बसतात ती पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. त्यांचाही हिशेब एका वहीतच असतो. ती वही मुकादमाच्या खिशात असते आणि तिची पूजा झाल्याचे कोणी पाहिलेले नाही.

दोन्ही वह्यांतले गणित एकच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, फार तर पाव-अर्धा-पाऊण. चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवून संपावे एवढेच. हे चौथीपर्यंतचे गणित आपल्या मुलखात मुलांच्या हाताला कसे शिकवले जात होते, ते हातातून केव्हा निसटले आणि पुन्हा हाती देण्याचा खटाटोप कोणी कोणी केला, एवढीच हकीकत येथे सांगायची आहे.

गणित शिकवण्याचे साहित्य म्हटले की आज रंगीत मणी आणि ठोकळे यांनी भरलेली पेटी डोळ्यांपुढे येते. परंतु मुलाचे पहिले साहित्य म्हणजे त्याचा स्वतःचा हात. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांची पेरे मोजा: तीन चोक बारा. अंगठ्याने पेरे मोजत बारापर्यंत जायला ना पाटी लागते ना पेन्सिल. दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची बोटे मिळून वीस, म्हणून खेड्यातला न शिकलेला माणूस विसांनी मोजी. तीन विसा आणि पाच म्हणजे पासष्ट. पाच विसा म्हणजे शंभर. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, वीत, हात ही सारी मापे देहावरच कोरलेली आहेत. देह साडेतीन हातांचा म्हणतात; त्या साडेतीनाला औट असा स्वतंत्र शब्द आहे आणि औटकी नावाचा पाढाही आहे. मुलांनी आपली उंची आपल्याच हाताने मोजली म्हणजे ती साडेतीनाहून थोडी अधिक भरते आणि मग वर्गात मोठा वाद माजतो. तो वाद माजू द्यावा. मोजणे म्हणजे काय, हे त्या वादातच कळते.

आता दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा अंगणातलेच उदाहरण घेऊ. सात ते चार ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आईला ठिपके किती म्हणून विचारले तर ती मोजून सांगणार नाही, पण तिच्या हाताला ते ठाऊक असतात. मधल्या ओळीत सात, वर सहा, पाच, चार आणि खालीही तसेच. एकंदर सदतीस. चार ते सात अंकांची ही बेरीज दुसरीतल्या मुलाला फळ्यावर घातली तर तो डोके खाजवतो. उंबऱ्याशी आईच्या शेजारी बसला तर मोजून मोकळा होतो.

ही काही बायाबापड्यांचीच रीत नव्हे. बाराव्या शतकात, ११५० साली, भास्कराचार्यांनी लीलावती रचली. मंगलाचरण आटोपते न आटोपते तोच ग्रंथात कवड्या येतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. पाठोपाठ अंगुळे आणि हात, मग धान्याची मापे, आणि हे सारे झाल्यावर बेरीज-वजाबाकी. एवढा मोठा ज्योतिर्विद, पण आधी हाताळण्याच्या वस्तू आणि मग आकडे हा क्रम त्याने मोडला नाही. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. तेथला शिलालेख पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. अंकगणिताला आपले जुने लोक पाटीगणित म्हणत, आणि धूलिकर्म असेही म्हणत. धुळीत करायचे कर्म ते धूलिकर्म.

ती धूळ पंतोजींच्या ओसरीवर अगदी अलीकडेपर्यंत होती. धूळपाटी म्हणजे एक लाकडी फळी. तिच्यावर बारीक माती किंवा विटकरीचा भुगा पसरायचा आणि बोटाने अथवा काडीने अंक गिरवायचा. चुकला तर हात फिरवायचा की पाटी कोरी. त्यात लेखणीचा खर्च नाही, चुकीची खूणही मागे राहत नाही, आणि मुख्य म्हणजे तीनाचा वळसा व पाचाची गाठ बोटाच्या टोकाला कळते. दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी आपण पाटीवर जी सरस्वती काढतो ती एकाच्या आकड्यांचीच बनवलेली असते. विद्येची देवता आणि अंक यांची इतकी जवळीक मुलाच्या मनात आपोआप ठसे.

ही धूळ साता समुद्रापलीकडे गेली, हे मात्र आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. डॉ. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासेस अनाथ मुलांच्या आश्रमशाळेवर नेमला गेला. तेथल्या एका मलबारी शाळेत त्याने मुले वाळूत बोटांनी अक्षरे काढताना पाहिली. त्याने ती रीत आपल्या शाळेत आणली, थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे ही पद्धत तिला जोडली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. पुढे इंग्लंडातल्या गोरगरिबांच्या शाळांतून वाळूचे ताट आले. आपलेच लुगडे परक्याच्या दोरीवर वाळत घातलेले पाहून वाटावी तशी गंमत ही हकीकत वाचताना वाटते.

परंतु पंतोजींचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्यांची छडी प्रसिद्ध आहे. त्यांच्या ओसरीवर कोणाची मुले बसत आणि कोणाची मुले अंगणातदेखील येऊ शकत नसत, हेही प्रसिद्ध आहे. संध्याकाळची उजळणी म्हणजे पाढ्यांचा एकसुरी गजर: पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. एवढे पाठ झालेला मुलगा बाजारात उभा राहिला तर त्याला फसवणे कठीण होते. मात्र नुसत्या पाठांतराने तो तसा झाला नव्हता. त्याच्या घरी कोठीच्या खोलीत मापांची उतरंड होती आणि आई रोज त्याच्यादेखत तांदूळ मापून काढत होती. पाढा ओसरीवर पाठ व्हायचा, त्याचा अर्थ कोठीत कळायचा.

ती उतरंड आठवणारी माणसे आता थोडी राहिली, म्हणून येथे मांडून ठेवतो. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट. खाली उतरावे तर निम्मे. सहा वेळा दुप्पट केले म्हणजे एका पायलीत निळवी होतात चौसष्ट. आणि जुन्या रुपयाचे पैसे किती? सोळा आणे, आण्याचे चार पैसे, तेही चौसष्टच. म्हणजे धान्याचे माप आणि पैशाचे माप यांची जातकुळी एकच होती. पावकी ही काही हवेतली गोष्ट नव्हती: पाव पायली म्हणजे शेर, पाव रुपया म्हणजे चार आणे. पायलीच्या वर गेले की मात्र गावोगाव निराळा कायदा. कोठे बारा पायल्यांचा मण, कोठे सोळांचा. आणि पायलीच मुळी गावपरत्वे लहानमोठी. या शेवटच्या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

इंग्रजी अंमल आला आणि मराठीत गणित छापले गेले. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२२ साली, मुंबईस शालेय पुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली. तिच्या कामात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या एंजिनिअरने पुढाकार घेतला आणि आपल्या पंडितांच्या साहाय्याने त्याने मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. पंतोजींच्या पोटातली विद्या त्यांनी चारचौघांत आणली. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या माणसाने अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि त्याच माणसाने १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले.

पण पुस्तकाबरोबर एक गोष्ट हातची गेली. मापे छापील झाली. शेर, पायली, मण, खंडी यांची कोष्टके पुस्तकात आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर जाऊन बसली. ज्याच्या घरात मापांची उतरंड होती त्याला कोष्टक म्हणजे ओळखीच्या माणसाचे नाव होते. ज्याच्या घरात एक मडके आणि एक परात एवढीच चीजवस्तू, त्याला ती नुसती घोकायची अक्षरे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जी कैफियत दिली, तीत शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी-बाळबोधीबरोबर हिशेब आणि शेतीचे ज्ञान मिळाले पाहिजे असा आग्रह धरला. फुले स्वतः कंत्राटे घेणारे, मालमजुरीचा हिशेब ठेवणारे गृहस्थ. हिशेब न येण्याची किंमत काय असते हे त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नव्हते.

ती किंमत काय असते, हे पाहायला कर्जत-खालापूरसारखा मुलूख नाही.

हा मुलूख भाताचा. उल्हास, पेज आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतली खाचरे दाट पिकतात. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे आणि कर्जतचे नाव लावलेली भाताची वाणे दूरदूरच्या शेतांत पेरली जातात. एके काळी हे तालुके ठाणे जिल्ह्याकडे होते. कर्जत १८९१ साली कुलाबा जिल्ह्यात आले आणि त्या कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. पण जिल्हा कोणताही असो, ज्याच्याकडे खाचर नाही, डोंगरउतारावर नाचणी-वरीचा तुकडा आहे किंवा तोही नाही, त्या ठाकर-कातकऱ्याच्या घरातले दाणे आषाढात संपत. मग सावकाराच्या दारातून खावटी आणायची. तिचा रिवाज ठरलेला: वाढीदिढी. आषाढात एक पायली न्यायची आणि कार्तिकात दीड पायली घालायची.

हा हिशेब एकदा मांडून पाहू. चार पायल्या नेल्या. भात झोडले की सहा घालायच्या. पीक बुडाले आणि काहीच घालता आले नाही, तर पुढल्या कार्तिकात त्या सहांच्या नऊ होतात. तिसऱ्या वर्षी साडेतेरा. चौथ्या वर्षी सव्वावीस. चार पायल्या तांदूळ एका पावसाळ्यात खाऊन संपले आणि चार वर्षांनी मणावर देणे उभे राहिले. पंतोजींच्या ओसरीवर पोरे जी दिडकी एका सुरात म्हणत, तीच दिडकी येथे खळ्यावर पायलीने वसूल होत होती.

आणि ती पायली तरी कशी? सावकार देताना मापावरून हात फिरवून ते सपाट करी; घेताना शीग लावून घेई. मापाच्या काठावर दाण्यांचा जो सुळका उभा राहतो ती शीग. आनंद शिगेला पोचला, असे आपण खुशाल म्हणतो. तो शब्द या खळ्यावरचा आहे. पायलीमागे एक मापटे शीग धरली तर सहा पायल्यांवर सहा मापटी, म्हणजे तीन शेर, म्हणजे पाऊण पायली आणखी गेली. चाराच्या सहा नव्हे, पावणेसात झाल्या. ही पाऊण पायली कोणत्याही कागदावर नसे. ज्या गावात पायलीच दोन आकारांची, एक देण्याची आणि एक घेण्याची, तेथे काय होत असेल ते वाचकांनीच ताडावे. मापात पाप ही म्हण उगाच नाही पडली.

कातकऱ्याला दिडकी येत नव्हती, असे कोणी समजू नये. ती त्याला भोगून पाठ झाली होती. त्याच्या हातात पायली नव्हती एवढेच. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण अडाणीपणा असे नाव देतो त्यातला बराच भाग असा असतो: माणसाला मोजता येत असते, पण माप दुसऱ्याच्या हातात असते.

याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. उपास काढले, पण खंडाच्या जाचापुढे मान तुकवली नाही. इकडे घाटाच्या पायथ्याशी माथेरानच्या एका तरुण वकिलाने वेगळी वाट काढली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल त्यांचे नाव. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. बेचाळीसच्या लढ्यात मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर आलेले वीरमरण, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्याआधीचे त्यांचे काम इतके नाट्यमय नाही, म्हणून ते कमी सांगितले जाते. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी खेडोपाडी स्वयंसेवी शाळा काढल्या आणि टंचाईत गोरगरिबांना दाणे मिळावेत म्हणून धान्यकोठ्या उभारल्या. शाळा आणि धान्यकोठी ही जोडी एकाच माणसाला एकाच वेळी सुचली, याचे मला राहून राहून कौतुक वाटते. कोठीवर माप गावाचे असते. गावातले कोणी तरी ते भरते, कोणी तरी पाहते, कोणी तरी लिहिते. पुढे बऱ्याच वर्षांनी काशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने याच तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांत धान्यकोठ्या चालवल्या, तेव्हा खावटी सावकाराऐवजी वाडीकडूनच मिळू लागली.

शाळेच्या चार भिंतींच्या आत मात्र हाताला काम देण्याचा विचार दोन वाटांनी आला. पहिली वाट वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यास शिक्षण परिषद बोलावली आणि तिच्यातून नई तालीम निघाली. मुलाने टकळीवर सूत काढायचे आणि त्या सुतातूनच गणित शिकायचे. चार फुटांचा एक तार, एकशेसाठ तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे सहाशेचाळीस तारांची गुंडी. एका गुंडीत सूत किती? दोन हजार पाचशेसाठ फूट. गजांत सांगायचे तर आठशे त्रेपन्न गज आणि वर एक फूट. गणित उत्तमच. अडचण अशी झाली की पुष्कळ ठिकाणी गुंड्यांची संख्या भरण्यातच शिक्षकाचा जीव अडकला आणि गणित मागे राहिले. गरीब बापाला वाटे, सूतच काढायचे तर पोरगा शाळेत कशाला? गुरे राखील, निदान शेण तरी आणील. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते.

दुसरी वाट रोमहून भावनगरमार्गे आली. डॉ. मारिया माँटेसरी यांनी मण्यांच्या सरांतून दशमान पद्धती मुलांच्या हातात दिली होती: एक सुटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची कांडी, शंभर मण्यांचा चौरस, हजार मण्यांचा घन. हजार म्हणजे केवढे हे मूल दोन्ही हातांनी उचलून पाहते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर हे काम शिकल्या, मुंबईत त्यांनी शिशुविहार चालवला, पण ते मणी आणि ते लाकडी साहित्य खेड्यातल्या शाळेच्या आवाक्यातले नव्हते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या बोर्डीस गेल्या आणि तेथे त्यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पितळी-लाकडी साहित्याची जागा बिया, पाने, शंख-शिंपले, गोटे यांनी घेतली. १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीत गेल्या. मुले शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे जात. तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव पडले कुरणशाळा.

ज्या १९४५ साली बोर्डीस चिंचोक्यांनी अंकमोजणी सुरू झाली, त्याच साली त्याच टापूत गोदावरी परुळेकरांच्या पाठीशी वारली उभे राहिले आणि वेठ नाकारून रोखठोक मजुरी मागू लागले. ताराबाईंचा आणि गोदावरीबाईंचा मार्ग एक नव्हता. परंतु एकीकडे मूल मोजायला शिकत होते आणि दुसरीकडे त्याचा बाप मोजून मागायला शिकत होता.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला आणि नवे पैसे आले. रुपयाचे चौसष्ट पैसे गेले, शंभर आले. आण्याचे सव्वासहा नये पैसे कसे द्यायचे म्हणून दुकानांतून भांडणे झाली. पाठोपाठ किलो, लिटर, मीटर आले. पावकी-निमकीचा गजर शाळांतून हळूहळू थांबला. त्याबद्दल उसासे टाकणारे लेख मीही वाचले आहेत. मला तितके दुःख होत नाही. निळवे-कोळवे ही नावे गोड खरी, पण गावोगाव निराळी पायली हीच सावकाराची खरी मिळकत होती. सरकारी शिक्क्याचे एकच लिटर सर्वत्र आले, तो दिवस गरिबाच्या फायद्याचा होता. मात्र एक झाले. जुनी मापे निदान कोणाच्या तरी कोठीत होती. नवी मापे बहुतेक मुलांना पुस्तकातच प्रथम भेटली, आणि आता तर तांदूळ, तेल, दूध सारेच पिशवीत बंद होऊन येत असल्याने मापणे हा प्रकार घरातून उठलाच.

त्यानंतरची गोष्ट वाचकांना थोडीफार ठाऊक असेल. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती उभी केली: चौकोन दाबला की लवंडतो, त्रिकोण लवंडत नाही. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीसबरोबर वीस एक, वीस दोन असे लिहिल्यावरून केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरी नावांनी अडणाऱ्या मुलासाठी ही एक पायरी आहे. विसांनी मोजणाऱ्या आजीला त्यात नवल वाटले नसते. २०२१ साली निपुण भारत आले. २०२३ साली केंद्र सरकारने लहान मुलांसाठी खेळण्यांची जादुई पिटारा नावाची पेटी काढली. पेट्या चांगल्या असतात. एका शाळेत मात्र मी अशी पेटी कुलूपबंद पाहिली. मणी हरवले तर डेडस्टॉक रजिस्टरात काय लिहायचे, ही चिंता. चिंचोके हरवले तर त्यांची नोंद कोठेच करावी लागत नाही, हा त्यांचा फार मोठा गुण आहे.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर तर साहित्य झाडाखाली पडलेले असते. चिंचोके आहेत, करंजाच्या बिया आहेत, सागाची फळे आहेत. मुले लाल-काळ्या गुंजा खिसे भरून आणतात. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. सोनाराचा तराजू या बियांवर चाले हे ऐकून त्यांना गंमत वाटते. (गुंज विषारी असते, मोजू द्यावी, चघळू देऊ नये. चिमुरड्यांच्या हाती ती देऊच नये.) दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की दशक, दहा गठ्ठ्यांची मोळी म्हणजे शतक. मोळी हा शब्द ठाकराच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या वर्गात एक खेळ दर वर्षी होतो. एक पेला, एक परात आणि पोषण आहारातले तांदूळ. एक मूल पेला सपाट भरून दहा वेळा ओतते, दुसरे शीग लावून दहा वेळा. मग दुसऱ्याचा ढीग सपाट पेल्याने मोजायचा. दहाचे कधी साडेअकरा होतात, कधी बारा. पेल्याचे तोंड रुंद असेल तर शीग मोठी. पहिल्यांदा सारी हसतात. मग कोणी तरी एखादे मूल हसायचे थांबते आणि विचारते, ‘मग आमच्या आज्याला कोणच्या मापानं देत होते?’ पुस्तकात या प्रश्नाचा धडा नाही.

वीटभट्टीवर पायली नसते, थप्पी असते. मजुरी हजार विटांमागे. दिवसभराच्या विटा मुकादम वहीत मांडतो, आणि झोपडीच्या कुडावर बाप कोळशाने रेघ ओढून ठेवतो: एक रेघ म्हणजे एक हजार. चौथीच्या वर्गात ताळ्याच्या खुणा शिकवतात, चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर आडवी. मूल मोजताना चुकत नाही. आमच्याकडून भट्टीवर गेलेल्या एका मुलीने कुडावरच्या बापाच्या साऱ्या रेघा अशा पाचापाचांत बांधून काढल्या. थप्पीतल्या विटाही तिने मोजल्या, पण एकेक करून नव्हे: लांबीच्या, रुंदीच्या, उंचीच्या, आणि मग गुणाकार. वैशाखात हिशेब झाला तेव्हा कुडावर एक लाख चौदा हजार होते आणि वहीत एक लाख दहा. बापाने मुलीला पुढे उभे केले. बराच वेळ बोलणे झाले. मुकादमाने चारांतले दोन हजार मान्य केले, दोन केले नाहीत. जूनमध्ये ती शाळेत परत आली आणि पाचवीच्या वर्गात बसली.